अळवावरचा रंग

बडोद्यात दांडिया बाजाराच्या आसपास वाढलेल्यांना मैदान आखणं म्हणजे काय ते सांगायला नको: सुतळी, दोन खुंट्या आणि तळाला भोकं पाडलेल्या डब्यातून सोडलेली फक्की. नातवाच्या शाळेत आता टर्फ, म्हणजे प्लास्टिकचं कृत्रिम गवत आहे. मोठ्या फुटबॉलच्या पांढऱ्या रेघा ठसठशीत आहेत, पण लहान मुलांच्या मैदानासाठी मागाहून मारलेल्या पिवळ्या रेघा एका पावसाळ्यात उडाल्या. "रंगवाल्यानं फसवलं, आजोबा," सर म्हणाले. मला वाटतं, दोष पॉलिथिलिन या प्लास्टिकचाच जास्त.

टर्फची पाती बहुधा त्याचीच असतात. बडोद्याला हे नाव नवं नाही, आयपीसीएल या इथल्या पेट्रोकेमिकल कारखान्यात ते बनायचं. कार्बन आणि हायड्रोजनच्या लांबच लांब साखळ्या. रंगानं धरावं असं त्यांच्यावर काही नसतं. पाण्याचा पृष्ठताण, म्हणजे थेंबाला गोळा धरून ठेवणारी ओढ, 72 मिलिन्यूटन प्रति मीटर, तर पॉलिथिलिनची पृष्ठऊर्जा, म्हणजे द्रवाला पसरवून धरायची ताकद, जेमतेम 31. त्यामुळे पाण्यात कालवलेला रंग पसरायचं सोडून गोळा होऊ पाहतो. अळवावरचं पाणीच ते!

मग दुधाच्या पिशवीवर नाव कसं छापतात? छपाईआधी तिच्यावर विजेच्या उच्च दाबाचा झोत सोडतात. पृष्ठभागावर ऑक्सिजनचे अणू जोडले जातात आणि शाईला पकड मिळते. मैदानात उभ्या असलेल्या लाखो पात्यांना हा उपचार कोण करणार?

खऱ्या गवतावर रेघ पुसट होते, कारण गवत वाढतं आणि कापलं जातं. इथे पातं वाढत नाही, पण प्रत्येक बुटाखाली वाकतं आणि वरचा कडक थर तडकतो. रंग जाड मारावा, तर पाती एकमेकांना चिकटतात, पात्यांच्या मधे भरलेले रबराचे दाणेही त्यात अडकतात आणि रेघेवर चेंडू वेगळा उसळतो. शिवाय पाती एका अंगाला कललेली असतात. एकाच बाजूनं फवारलं, तर पलीकडच्या गोलकीपरला रेघ हिरवीच दिसते.

पांढऱ्या रेघा टिकल्या, कारण त्या रंगवलेल्याच नाहीत. त्यांच्या प्लास्टिकमध्येच टायटॅनियम डायऑक्साइड मिसळलेलं असतं. सरळ रेघा कारखान्यातच विणता येतात. 9.15 मीटर त्रिज्येच्या मधल्या वर्तुळासाठी मात्र हिरवा पट्टा कापून तिथे पांढरा बसवतात आणि खालच्या पट्टीला गोंदानं चिकटवतात. मे महिन्यात हवा 42 अंशांवर गेली की उन्हातलं टर्फ साठीच्या पुढे तापतं. गोंद सुटला की कड उचलते आणि धावणाऱ्या पोराचा पाय अडकतो. मला पुसट रेघेपेक्षा याचीच धास्ती वाटते.

फुटबॉलच्या नियमानुसार रेघ 12 सेंटिमीटरपेक्षा रुंद नको. टर्फवर दुसऱ्या खेळाच्या रेघा चालतात, पण त्यांचा रंग वेगळा आणि सहज ओळखू येणारा हवा. माझ्या मते तो लाल नसावा. लाल-हिरव्यात गोंधळणारी मुलं प्रत्येक शाळेत असतात. या दोषाची जनुकं एक्स गुणसूत्रावर असल्यानं मुलींपेक्षा मुलगे जास्त.

सरांनी फक्कीचा चुना टाकू का, असंही विचारलं. मी नको म्हटलं. पातं पाच-सहा सेंटिमीटर उंच, म्हणजे चुना थेट दाण्यांत जाणार. पुढे पाऊस आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मिळून त्याची ढेकळं होणार, पाणी निचरायची भोकं बुजणार. रविवारच्या सामन्याला त्यांनी चपट्या रबरी चकत्या मांडल्या. अर्ध्या तासात दोन चकत्या पोरांनी लाथेनं हलवल्या आणि मैदान हातभर रुंद झालं.