बैठे काम आणि जीवनशैलीजन्य विकार

दिवसाचे बरेचसे तास खुर्चीत बसून काम करणाऱ्या नोकरदारांमध्ये लठ्ठपणा, टाइप २ मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि यकृतात चरबी साचणे या विकारांचा धोका वाढतो. हे विकार संसर्गजन्य नाहीत. ते वर्षानुवर्षे मुरत जातात आणि अनेकदा दुसऱ्याच कारणाने केलेल्या रक्ततपासणीत उघडकीस येतात.

बैठ्या कामाबद्दलची तक्रार संगणकाहून पुष्कळ जुनी आहे. इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) यांनी लेखनिकांच्या दुखण्यांची तीन कारणे सांगितली होती: सतत बसणे, हाताची एकच एक हालचाल आणि मनावरचा ताण. या कारणांत आजही फारशी भर घालावी लागत नाही.

आकडेवारीचा भक्कम आधार मात्र १९५३ मध्ये मिळाला. ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसवरील चालक आणि वाहक यांची तुलना केली. गाडी एकच, वेळापत्रक एकच. पण चालक दिवसभर बसून आणि वाहक दिवसभर जिना चढत-उतरत. हृदयविकार चालकांत जास्त आढळला. पुढे १९५६ मध्ये याच गटाने गणवेशाची मापे तपासली, तेव्हा कमी वयाच्या चालकांच्याही विजारींची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली. म्हणजे खुर्चीमुळे माणूस स्थूल होतो की मुळात स्थूल असलेला माणूस बसायचे काम धरतो, हा प्रश्न तेव्हाच उभा राहिला. या विषयावरचा कोणताही अभ्यास वाचताना तो विसरून चालत नाही.

बसण्याचा शरीरावर होणारा परिणाम बराचसा पायांच्या स्नायूंमधून घडतो. मांड्या आणि पोटऱ्यांचे मोठे स्नायू आकुंचन पावताना रक्तातील साखर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ओढून घेऊ शकतात. ते निश्चल राहिले की जेवणानंतर वाढलेली साखर रक्तात अधिक काळ रेंगाळते. रक्तातील मेदाचे विघटन करणाऱ्या लायपोप्रोटीन लायपेज या विकराची (एन्झाइमची) स्नायूंमधील क्रियाही मंदावते. याला उपाशीपोटी कामाला बसणे, मग एकदम भरपेट जेवणे, मधल्या वेळेतले गोड चहा-कॉफी आणि अपुरी झोप यांची जोड मिळते.

सकाळी तासभर व्यायाम केला की दिवसभर बसलेले माफ, असे अनेकांना वाटते. ते काही अंशी खरे आहे. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करणाऱ्यांत दीर्घकाळ बसण्याशी निगडित मृत्यूचा वाढीव धोका जवळजवळ दिसेनासा झाला. मात्र जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची आहे आणि तीही पुष्कळांकडून पाळली जात नाही.

सगळा दोष खुर्चीवर टाकणेही बरोबर नाही. ब्रिटिश सरकारी नोकरांवरील व्हाइटहॉल अभ्यासात (१९६७ पासून) बहुतांश टेबलाशी बसणारेच लोक होते. तरीही खालच्या श्रेणीतील नोकरांत हृदयविकाराने होणारे मृत्यू वरिष्ठांपेक्षा अधिक होते. धूम्रपान, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांनी हा फरक पूर्णपणे उलगडला नाही. १९८५ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात, स्वतःच्या कामावर ताबा नसणे हा घटक हृदयविकाराशी निगडित आढळला. कामाच्या तासांचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अहवालानुसार, आठवड्याला ३५–४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्के जास्त असतो. आरोग्य शिबिर भरवून रात्री उशिरापर्यंत बैठका घेणाऱ्या कार्यालयांनी हे आकडे पाहायला हवेत.

उभे राहून काम करण्याच्या टेबलांचा गाजावाजा त्यांच्या उपयोगापेक्षा मोठा आहे. नुसते उभे राहिल्याने बसण्यापेक्षा थोडीच जास्त ऊर्जा खर्च होते आणि तासन्‌तास उभे राहिल्यास पाय व कंबर दुखते. त्यापेक्षा दर २० मिनिटांनी दोन मिनिटे चालणे उपयोगी ठरते; जादा वजनाच्या प्रौढांवरील प्रयोगात अशा चालण्याने जेवणानंतरची साखर कमी राहिली.

निदानासाठी रक्तदाब, कंबरेचा घेर, रक्तातील मेद आणि तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी पाहतात. तिचे मूल्य ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह मानतात, ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था असून आहार, वजन आणि हालचालीतील बदलांनी ती पुष्कळदा मागे फिरवता येते.