गिळता येत नाही की गिळायचं नाही?

नाकातून किंवा पोटावरून घातलेल्या नळीने दूध-अन्न घेऊन वाढलेल्या मुलाबद्दल घरचे आणि दवाखान्यातलेही एकच वाक्य बोलतात, "तोंडाने काही घेत नाही." या वाक्यामागे दोन अगदी निराळ्या अडचणी असू शकतात. एकीत मुलाला नीट गिळताच येत नाही आणि दूध किंवा घास श्वासनलिकेकडे वळतो. दुसरीत गिळणं ठीक असतं, पण तोंडाजवळ काही आलं की मूल घाबरतं, मान फिरवतं, ओठ घट्ट मिटतं. वरवर पाहता दोन्ही मुलं सारखीच, दोघांचीही ताटली भरलेली राहते. एकाला जे तारतं ते दुसऱ्याला मारक ठरू शकतं, म्हणून नळी कधी निघेल हे विचारण्याआधी आपलं मूल यातलं कोणतं, हे विचारायला हवं.

आधी गिळण्याचा दोष. घास घशात उतरतो त्या क्षणी श्वास थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं आणि हवेची वाट बंद होते. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ गर्भवयाच्या (गर्भधारणेपासून मोजलेल्या वयाच्या) साधारण ३२ ते ३४ आठवड्यांच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळांना नळी लागते, त्याचं हे एक मोठं कारण. मेंदूला इजा झालेली मुलं, स्वरयंत्राची रचना वेगळी असलेली मुलं, हृदयाच्या शस्त्रक्रियेत स्वरतंतूची नस दुखावलेली मुलं यांचा हा मेळ पुढेही बिघडलेला राहू शकतो. फुप्फुसं किंवा हृदय अशक्त असलेलं बाळ इतक्या भराभर श्वास घेत असतं, की मध्ये गिळायला त्याला सवडच मिळत नाही.

पिताना ठसका लागणं, डोळ्यांत पाणी येणं, दूध पिऊन झाल्यावर आवाज ओला आणि घरघरता होणं, ओठ निळसर पडणं, पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होणं ही त्याची लक्षणं. पण एक गोष्ट प्रत्येक पालकाला माहीत असायलाच हवी. कित्येक मुलांच्या श्वासनलिकेत दूध जातं आणि ठसका येतच नाही, कारण तिथली जाणीवच मंद झालेली असते. म्हणून "खोकत नाही, म्हणजे ठीक आहे" असं मानणं धोक्याचं. खात्री करायची तर बेरियम (क्ष-किरणांत उठून दिसणारा पदार्थ) मिसळलेलं दूध किंवा अन्न देऊन क्ष-किरणांखाली गिळणं पाहतात, किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहतात.

आता दुसरं मूल. जन्मापासून याच्या तोंडाला काय काय भोगावं लागलं ते आठवून पाहा. श्वासाची नळी, कफ ओढणं, गालावरची चिकटपट्टी, नाकातून घशात उतरलेली राइल्स ट्यूब (दूध देण्याची नळी), दर फीडनंतरची उलटी. तोंडाजवळ येणारी वस्तू त्रासच देते, हे ते अनुभवातून शिकलेलं असतं. त्यात चोखण्याची जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया तीन-चार महिन्यांनंतर ओसरू लागते आणि मूल स्वतःच्या इच्छेने चोखू लागतं. कालपर्यंत बाटली घेणारं बाळ या वयात एकाएकी नकार देतं तेव्हा घर हादरतं. खरं तर नकार देणं त्याला आत्ताच जमू लागलेलं असतं. चावायचे पदार्थ योग्य वयात मिळाले नाहीत तर पुढे ते स्वीकारणं जड जातं, हे इलिंगवर्थ आणि लिस्टर या डॉक्टरांनी १९६४ मध्येच मांडलं होतं. नळीवरच्या मुलांचा नेमका हाच काळ आजारपणात निघून जातो.

दोन्ही ओळखायला मला सर्वांत उपयोगी वाटतं ते म्हणजे त्रास कधी सुरू होतो हे पाहणं. चमचा दिसताच ओकारी येते, तोंड पुसू देत नाही, दात घासायला गेलं की रडतं, पण झोपेत बाटली घेतं, असं असेल तर संशय भीतीवर जातो. मूल आवडीने तोंड उघडतं आणि गिळल्यानंतर बिनसतं, असं असेल तर गिळणंच तपासायला हवं. तरीही या खुणांवर निदान ठरवू नये. दोन्ही एकत्र असणं फार सामान्य आहे, कारण गिळताना गुदमरलेलं मूल खाणं नाकारणारच. अशा मुलाला हट्टी म्हणणं मला मनापासून खटकतं. त्याचा नकार शहाणपणाचा असतो आणि बहुतेक वेळा आपल्यालाच त्याचा अर्थ लागलेला नसतो.

उपचारांच्या वाटा इथे वेगळ्या होतात. गिळण्याचा दोष असेल तर आधी तोंडाने काय, किती आणि कोणत्या स्थितीत बसवून द्यायचं हे तपासणीवरून ठरतं. काहींना अगदी थोड्या चवीपुरतीच मुभा मिळते. दूध घट्ट करायची पावडर स्वतःहून वापरू नये. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने) २०११ मध्ये असं एक उत्पादन मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळांना न देण्याचा इशारा दिला होता, कारण त्यात आतड्याच्या गंभीर आजाराचा धोका दिसला. या मुलाला उपाशी ठेवून काहीच साधत नाही. भूक लागली म्हणून घसा दुरुस्त होत नाही, उलट ते घाईने पितं आणि धोका वाढतो.

गिळणं सुरक्षित ठरलेल्या, पण घाबरलेल्या मुलाच्या बाबतीत भूक कामाची असते. दिवसभर ठरलेल्या वेळी पोट भरत राहिलं तर भूक म्हणजे काय हेच त्याला कळत नाही. म्हणून डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि गिळण्याचे थेरपिस्ट मिळून नळीतून देण्याचं प्रमाण कमी करतात आणि वजन, लघवी, पाण्याचं प्रमाण यांवर नजर ठेवतात. हे घरी आपल्या अंदाजाने करू नये. सोबत जेवणाच्या वेळी मांडीवर घेणं, अन्नात हात घालू देणं, सांडू देणं, चमचा त्याच्या हातात देणं. नाक दाबून, हात धरून, मोबाइलमध्ये गुंगवून घास कोंबणं पूर्ण बंद. एका जबरदस्तीच्या घासाने कित्येक आठवड्यांची कमाई जाऊ शकते.

नाकातली नळी लांबणार असेल तर पोटावरच्या नळीचा (पोटाला छोटं छिद्र पाडून थेट जठरात घातलेल्या नळीचा) सल्ला मिळतो आणि पालकांना तो पराभव वाटतो. त्यामुळे चेहरा आणि घसा मोकळा होतो, हेही पाहावं. मूल तोंडाने पुरेसं घेऊ लागलं तरी पोटावरची नळी लगेच काढत नाहीत. नळी न वापरता काही महिने वजन वाढत राहावं आणि मधला एखादा ताप-सर्दीचा आजारही तसाच निभावावा, एवढी वाट बहुतेक डॉक्टर पाहतात.