विनोदी फ्रेंच वाद्यवृंदसंगीताची ध्वनिमुद्रणे

दोन महायुद्धांच्या दरम्यान, आणि काही बाबतींत पहिले महायुद्ध चालू असतानाच, पॅरिसमधील रंगभूमी व बॅले यांच्याभोवती जे मिश्किल आणि विडंबनाकडे झुकणारे फ्रेंच वाद्यवृंदसंगीत निर्माण झाले, त्याच्या ध्वनिमुद्रणांचा परामर्श या नोंदीत घेतला आहे. एरिक साती, दार्यूस मियो, फ्रान्सिस पूलँक, जॉर्ज ओरिक, जाक इबेर आणि जाँ फ्रांसे हे या प्रवाहातील प्रमुख रचनाकार होत. यांपैकी मियो, पूलँक व ओरिक हे, समीक्षक आंरी कोले यांनी १९२० मध्ये ‘सहा जण’ असे नाव दिलेल्या गटातले होते. साती त्यांच्याहून वडील व त्यांना स्फूर्तिस्थानी होते, तर इबेर आणि फ्रांसे गटाबाहेरचे.

या रचनांतील बहुतेक विनोद मुळात डोळ्यांसमोर घडणारा होता. सातींच्या ‘पाराद’ या बॅलेचा पहिला प्रयोग १८ मे १९१७ रोजी शातले नाट्यगृहात झाला, तेव्हा पिकासोंनी रंगवलेला पडदा आणि त्यांनीच तयार केलेले वेश पाहून प्रेक्षक खवळले होते. मियोंच्या ‘ल बफ स्यूर ल त्वा’ (छपरावरचा बैल, १९२०) या कृतीसाठी कवी-नाटककार जाँ कोक्तो यांनी फ्रातेलिनी बंधू हे सर्कशीतले विदूषक रंगमंचावर आणले आणि संगीत धावत असताना त्यांना अतिशय संथ हालचाली करायला लावल्या. ध्वनिमुद्रिकेत ही गंमत उरत नाही. पडदा नाही, विदूषक नाहीत, अशा स्थितीत विनोदाचा सगळा भार वाद्यांच्या आवाजावर आणि वेळ साधण्यावर पडतो. या संगीताची चांगली आणि सामान्य ध्वनिमुद्रणे इथेच वेगळी होतात.

आवाजाच्या बाबतीत जुन्या फ्रेंच वाद्यवृंदांचे पारडे जड होते. फ्रेंच पद्धतीचा बासून (खर्जातले लाकडी सुषिर वाद्य) जर्मन बासूनपेक्षा पातळ, काहीसा अनुनासिक आणि बोलल्यासारखा वाजतो. हॉर्नवादक स्वराला हलका कंप देत, त्यामुळे त्या वाद्याचा नाद सॅक्सोफोनच्या जवळ जाई. १८२८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९६७ मध्ये विसर्जित झालेल्या पॅरिस कॉन्झर्व्हातुआर वाद्यवृंदात हे गुण ठळक होते. त्याचे एकत्र वादन नेहमीच काटेकोर नसे, हेही खरे. पण प्रत्येक सुषिर वाद्य आपापल्या स्वभावाने बोलत असल्यामुळे थट्टा वेगळी अधोरेखित करावी लागत नसे.

याचा उत्तम नमुना म्हणजे वाद्यवृंद-संचालक रोजे देझोर्मिएर (१८९८–१९६३) यांनी १९५०च्या दशकाच्या आरंभी याच वाद्यवृंदाकडून डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीसाठी वाजवून घेतलेली पूलँकची ‘ले बीश’ (बॅले) आणि इबेर यांची ‘दिव्हेर्तिसमाँ’. देझोर्मिएर हे सातींच्या वर्तुळातले, आणि १९२५ ते १९२९ या काळात दियागिलेव्ह यांच्या बॅले रूस या नृत्यमंडळीचे वाद्यवृंद-संचालक. हे संगीत त्यांनी नर्तकांच्या पावलांबरोबर शिकले होते. त्यांची लय चपळ आहे, पण ती कुठेही खिदळत नाही. ‘दिव्हेर्तिसमाँ’ हे नाटककार लाबीश यांच्या ‘इटालियन गवती टोपी’ या प्रहसनासाठी १९२९ मध्ये केलेल्या संगीतातून तयार झाले असून, नवरदेवाच्या घोड्याने एका बाईची टोपी खाल्ल्यामुळे लग्नाच्या वरातीची कशी धावपळ होते, हा त्या प्रहसनाचा विषय आहे. दुसऱ्या भागात मेंडेल्सोनची सुप्रसिद्ध विवाह-कवायत (‘वेडिंग मार्च’) मध्येच डोकावते आणि शेवटच्या भागात पोलिसाची शिटी वाजते. देझोर्मिएर या दोन्ही जागा तोंड सरळ ठेवून जाऊ देतात. १९५२ मध्ये पक्षाघात झाल्यानंतर त्यांना पुन्हा संचालन करता आले नाही, म्हणून ही मोनो ध्वनिमुद्रणे त्यांच्या कलेचा अखेरच्या काळातील पुरावा ठरतात. पुढे जाँ मार्तिनों यांनी १९६०च्या सुमारास त्याच वाद्यवृंदाकडून ‘दिव्हेर्तिसमाँ’ स्टिरिओत मुद्रित केले. तिथे आवाज अधिक उजळ आणि खट्याळपणा अधिक उघड आहे.

या रचना लहान, साधारण पंधरा-वीस मिनिटांच्या. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर त्या अनेक बाजूंत तुटत. दीर्घवादी तबकडीच्या (एलपी) एका बाजूवर मात्र एक पुरी रचना सहज मावे. त्यामुळे निरनिराळ्या नाट्यगृहांत, निरनिराळ्या वर्षी जन्मलेल्या कृती एकाच तबकडीवर एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. आंताल दोराती आणि लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा यांचे १९६५चे मर्क्युरी कंपनीचे मुद्रण यातले नामवंत उदाहरण: त्यात ‘पाराद’, ‘ल बफ’, ओरिक यांची एक ओव्हर्चर आणि फ्रांसे यांचे पियानो कॉन्चेर्तिनो (पियानो व वाद्यवृंदासाठीची छोटी रचना) होते, आणि पियानो वाजवणाऱ्या क्लोद फ्रांसे या रचनाकाराच्याच कन्या. ‘पाराद’मधील टंकलेखन यंत्र, भोंगा व पिस्तूल इथे सुस्पष्ट ऐकू येतात, किंबहुना थोडे जास्तच, कारण सातींचे मूळ संगीत अगदी साधे व संयत आहे आणि हे आवाज कोक्तोंच्या हट्टाने त्यात आले होते.

‘ल बफ’ची कसोटी निराळी आहे. मियो १९१७-१८ मध्ये रिओ द जानेरोत, राजदूत असलेल्या पॉल क्लोदेल यांचे सचिव होते. तिथल्या लोकप्रिय धुना या कृतीत ओवल्या असून त्यांच्या मधून एकच पालुपद वारंवार परत येते आणि सर्व मेजर स्वरपट्ट्यांतून फिरते, तर कधी दोन वाद्ये एकाच वेळी दोन पट्ट्यांत वाजतात. ही बेसूर भासणारी जागा वादकांनी मऊ केली, तर तिखटपणा जातो. मुद्दाम ओरडून वाजवली, तर पालुपद दहाव्या फेरीला कंटाळवाणे होते. लिओनार्ड बर्नस्टाइन यांनी १९७०च्या दशकात फ्रान्सच्या राष्ट्रीय वाद्यवृंदासह केलेल्या मुद्रणात भरपूर उत्साह आहे, तथापि तो बराचसा संचालकाचा स्वतःचा वाटतो. मियोंनी स्वतः १९३२ मध्ये मुद्रित केलेल्या ‘जगाची निर्मिती’ या जॅझप्रेरित बॅलेत ते बरेच कोरडे आणि सरळ वाजवून घेतात.

‘ले बीश’ (प्रथम प्रयोग: माँते कार्लो, ६ जानेवारी १९२४) या बॅलेच्या बहुसंख्य ध्वनिमुद्रणांत केवळ पाच भागांची वाद्यवृंदमाला (‘स्वीट’) असते. मूळ बॅलेत समूहगानाचे आणखी तीन भाग आहेत आणि त्यांचे शब्द लग्न व प्रेम यांवर चावट बोलतात. जॉर्ज प्रेत्र यांनी १९८०च्या सुमारास लंडनच्या फिलहार्मोनिया वाद्यवृंदासह संपूर्ण बॅले मुद्रित केला, तेव्हा ते गायन तबकडीवर परतले, आणि वाद्यवृंदमालेत निव्वळ गोड वाटणाऱ्या ‘अदाज्येत्तो’ या संथ भागाला आजूबाजूच्या थट्टेमुळे पुन्हा मूळचे संदिग्ध रूप मिळाले.