ठाण्याचं मूल, परळची नोंद

मुलांच्या कॅन्सरचा आकडा बातमीत आला की आधी एवढंच पाहावं, की तो रुग्णालयाचा आहे की एका ठरावीक भागातले सगळे रुग्ण मोजणाऱ्या नोंदणी केंद्राचा. रुग्णालयाच्या दप्तरात दारापर्यंत पोचलेली मुलं असतात. किती मुलं आजारी पडली, हे त्यावरून कळत नाही. ठाणे-नवी मुंबईत ही भानगड जरा जास्तच आहे, कारण इथल्या मुलाचा पत्ता एका जिल्ह्यातला, उपचार दुसरीकडे आणि मोजणीची हद्द तिसरीच.

परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. १९६२ मध्ये ते अणुऊर्जा विभागाकडे गेलं. फाइल, केसपेपर, पॅथॉलॉजीचा रिपोर्ट यांचा साठा तिथे पहिल्यापासून होताच, पण त्यावरून शहरातल्या आजाराचं प्रमाण काढता येत नव्हतं. देशभरातून आलेल्या रुग्णांना भागायचं कोणत्या लोकसंख्येने? ही अडचण ओळखून इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ मध्ये डॉ. डी. जे. जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबईची कॅन्सर नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली देशातली ही पहिली नोंदणी. तिचे कर्मचारी स्वतः रुग्णालयांत जातात, वॉर्ड आणि प्रयोगशाळांची रजिस्टरं चाळतात, महापालिकेच्या मृत्यूनोंदी ताडून पाहतात. रुग्ण त्या भागात किमान वर्षभर राहत असेल तरच त्याला धरायचं, असा नियम आहे.

हद्द मात्र बृहन्मुंबईची. म्हणजे मुलुंड चेकनाक्याच्या मुंबईकडच्या बाजूचं मूल मुंबईच्या दरात, म्हणजे लोकसंख्येमागे किती रुग्ण या हिशेबात, येतं, ठाण्याच्या बाजूचं येत नाही. ओपीडीच्या रांगेत दोघं एकामागे एक बसलेली असली तरी. १९६३ साली यात कुणाला काही खटकण्याचं कारण नव्हतं. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, नवी मुंबई त्यानंतरची. पण २०११ च्या जनगणनेत ठाणे हा १ कोटी १० लाखांचा, देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता आणि मुंबईच्या नोंदणीची रेघ चेकनाक्यावरच होती. गंमत अशी की बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतल्या खेड्यांसाठी १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण नोंदणी आहे. तिथला दर काढता येतो.

मग ठाण्यासाठी उरतात रुग्णालयांचे केसपेपर. त्यांतही जपून चालावं लागतं. जुन्या फाइलवर 'जि. ठाणे' असेल तर ते मूल घोडबंदरचं असेल, तसंच जव्हार-मोखाड्याचंही असेल, कारण पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला. 'नवी मुंबई' हा पत्ता त्याहून फसवा. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात. शिवाय उत्तर प्रदेश-बिहारहून मूल घेऊन आलेले आईबाप पुष्कळदा दिवा-मुंब्र्याच्या नातेवाइकाचा पत्ता देतात. तान्ह्या बाळाचं नावच ठेवलेलं नसतं, म्हणून एका कागदावर 'बेबी ऑफ' आणि पुढे आईचं नाव, सहा महिन्यांनी दुसऱ्या रुग्णालयात बारशाचं नाव आणि वडिलांचं आडनाव. ही दोन नावं एकाच मुलाची, हे नोंदणी करणाऱ्याने ओळखलं नाही तर एका मुलाची दोन होतात.

या सगळ्यातून मुलांच्या कॅन्सरची रूपरेषा दिसते, हेही खरं. मोठ्यांचा कॅन्सर अवयवावरून नोंदवतात: तोंडाचा, स्तनाचा, गर्भाशयमुखाचा. मुलांचा पेशींच्या प्रकारावरून लावावा लागतो आणि आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात त्याचे १२ गट आहेत. राष्ट्रीय कॅन्सर नोंदणी कार्यक्रमाच्या अहवालात २०१२ ते २०१९ या काळातल्या ९६ रुग्णालयांच्या ६,१०,०८४ नोंदी तपासल्या, त्यांत १४ वर्षांपर्यंतची मुलं ४ टक्के. मुलांमध्ये सगळ्यात मोठा वाटा रक्ताच्या कॅन्सरचा. मेंदूच्या गाठी मात्र पाश्चात्त्य देशांच्या मानाने आपल्या दप्तरात कमी दिसतात. आपल्या मुलांना त्या होतच नाहीत, असा अर्थ लगेच काढू नये. डोकं दुखतंय, उलट्या होताहेत म्हणून पित्ताची औषधं घेत बसलेलं मूल एमआरआयपर्यंत पोचलंच नाही, तर ते कुठल्याच रकान्यात येत नाही.

सगळ्यात बोचणारा रकाना मुलगा-मुलगीचा. मुलग्यांमध्ये काही कॅन्सर जगभर थोडे जास्तच असतात. पण भारतात लोकसंख्येच्या नोंदणीत जितकी तफावत दिसते, त्याहून रुग्णालयाच्या नोंदीत जास्त दिसते. आजार मुलगी पाहून थांबत नाही. ती रुग्णालयापर्यंत नेली गेली नाही, एवढाच त्याचा अर्थ मला लागतो.

आकडे वाढण्याचीही कारणं अशीच आजाराबाहेरची आहेत. १९८४ च्या सुमारास टाटामध्ये रक्ताच्या कॅन्सरसाठी एमसीपी-८४१ ही ठरीव औषधयोजना आली आणि बरं होणाऱ्यांचं प्रमाण चांगलंच वाढलं. मूल वाचतं, हे कळल्यावर लोक आणू लागले. तरी अर्ध्यावर उपचार सोडणं चालूच होतं, कारण औषध फुकट मिळालं तरी मुंबईत दोन वर्षं राहायचं कुठे? २००६ पासून सेंट ज्यूड इंडियाच्या निवासकेंद्रांनी, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने आणि २०१० नंतर टाटाच्याच बालरुग्णांसाठीच्या निधीने ते बरंच आटोक्यात आणलं. २०१२ मध्ये राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना आली, ती २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने आहे. पिवळं-केशरी रेशनकार्ड दाखवून उपचार होऊ लागले की नोंदी वाढणारच. त्या वाढीला 'मुलांत कॅन्सर बळावतोय' असा मथळा देणं म्हणजे निव्वळ आळस.

दरम्यान टाटाची संशोधन संस्था २००२ मध्ये खारघरला गेली, २००७ मध्ये अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विभाग तिथे हलला आणि २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचार होतात. वाढत्या मेंदूला आणि मणक्याला कमी इजा होते, म्हणून मुलांसाठी ते विशेष महत्त्वाचे. ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने जाणाऱ्यांना परळच्या गर्दीपेक्षा हे सोयीचं पडतं. पण नोंदीच्या बाजूने गुंता वाढतोच: ठाणे जिल्ह्यातलं मूल, रायगड जिल्ह्यातलं केंद्र आणि फाइल परळच्या संस्थेची.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये २०३० पर्यंत मुलांच्या कॅन्सरमध्ये किमान ६० टक्के जगण्याचं उद्दिष्ट ठेवलं. ही टक्केवारी काढताना भाजकात न पोचलेली मुलंही धरावी लागतात, आणि ठाण्यासाठी ती संख्या परळ किंवा खारघरच्या कुठल्याही फाइलमधून निघत नाही. त्यासाठी कुणीतरी कळव्याच्या, वाशीच्या, कल्याणच्या रुग्णालयांत जाऊन रजिस्टरं चाळायला हवीत.