बोलोन्याचे विद्यार्थी-शासन व त्याचे दफ्तर

इटलीतील बोलोन्या नगरात कायदा शिकण्यासाठी आलेल्या परगावच्या व परदेशी विद्यार्थ्यांनी बाराव्या शतकाच्या अखेरीपासून स्वतःसाठी उभारलेली स्वायत्त व्यवस्था. विद्यार्थ्यांमधून निवडलेला प्रमुख, सर्व सभासदांची सभा, लेखी नियमसंहिता, खजिनदार, नोटरी आणि शिक्षकांनाही दंड करण्याचा अधिकार ही तिची अंगे होती. पुढे युरोपात जी विद्यार्थी-मंडळे झाली, त्यांपैकी फारच थोड्यांच्या हाती एवढी सत्ता आली. ही सत्ता ऐन भरात असतानाचे तिचे स्वतःचे कागद मात्र तुटपुंजे आहेत, आणि जसजशी ती ओसरत गेली तसतसे दफ्तर भरत गेले. या विषयाचा अभ्यास करताना ही विषमता सतत ध्यानात ठेवावी लागते.

मराठीतील ‘विद्यापीठ’ हा शब्द विद्येचे आसन सुचवतो. मध्ययुगीन लॅटिनमध्ये त्या अर्थी ‘स्टुडियम’ हा शब्द वापरीत. ‘युनिव्हर्सितास’ म्हणजे एका हेतूने एकत्र आलेल्या माणसांचा संघ, आणि हा शब्द कारागिरांच्या किंवा व्यापाऱ्यांच्या संघालाही लावला जाई. बोलोन्यात युनिव्हर्सितास होती ती विद्यार्थ्यांची. अध्यापक तिचे मतदार सभासद नव्हते. त्यांची ‘कोलेजियो’ नावाची वेगळी मंडळे होती. पॅरिसमध्ये याच काळात नेमके उलटे घडले आणि तेथे संघ उभा राहिला तो अध्यापकांचा. आज युनिव्हर्सिटी म्हटल्यावर डोळ्यांपुढे इमारत, कुलगुरू आणि परीक्षा येतात. त्या शब्दाच्या मुळाशी मात्र परक्या गावात एकमेकांना धरून राहिलेली माणसे आहेत.

या संघाची गरज कायद्याच्या अभ्यासातूनच निर्माण झाली. इर्नेरियस या कायदेपंडिताने अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधिकाळात बोलोन्यात सम्राट जस्टिनियनच्या रोमन कायद्याचे अध्यापन सुरू केले आणि थोड्याच काळात आल्प्सपलीकडूनही विद्यार्थी येऊ लागले. विद्यापीठाच्या स्थापनेचे म्हणून सांगितले जाणारे १०८८ हे वर्ष एकोणिसाव्या शतकात, आठव्या शताब्दीचा सोहळा १८८८ मध्ये करता यावा म्हणून ठरवले गेले. त्या वर्षाची कोणतीही सनद अस्तित्वात नाही. येणारे विद्यार्थी पोरवयाचे नव्हते. अनेक जण विशी ओलांडलेले होते, काही चर्चमधील पदांवर होते, बरेचसे पैसेवाल्या घरांतले होते. तरीही नगराच्या दृष्टीने ते उपरे होते. त्या काळच्या इटालियन नगरांत कायद्याचे पूर्ण संरक्षण नागरिकालाच मिळे, आणि एखाद्याने बुडवलेले कर्ज त्याच्या गाववाल्याकडून वसूल करण्याची रीतही होती. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ११५५ ते ११५८ या काळात दिलेल्या ‘हाबिता’ नावाच्या सनदेने विद्यार्थ्यांना अशा वसुलीपासून मुक्ती दिली आणि आपला खटला आपल्या गुरूपुढे किंवा बिशपपुढे चालवण्याचा पर्याय दिला. सम्राट दूर होता आणि घरमालक व सावकार मात्र शेजारीच होते, म्हणून सनदेबरोबर संघटनाही आवश्यक ठरली. बोलोन्याचे मूळ रहिवासी असलेले विद्यार्थी या संघाचे पूर्ण सभासद होऊ शकत नसत, यावरून संघाचा हेतू स्पष्ट होतो.

तेराव्या शतकात कायद्याच्या विद्यार्थ्यांचे दोन संघ स्थिर झाले. आल्प्सच्या अलीकडच्या इटालियन विद्यार्थ्यांचा तो सिट्रामोन्टानी आणि पलीकडच्यांचा तो अल्ट्रामोन्टानी. प्रत्येक संघ ‘नात्सिओ’ नावाच्या, मायदेशावरून पाडलेल्या गटांत विभागलेला होता. इटालियनांत लोम्बार्ड, टस्कन व रोमन हे गट होते, तर पलीकडच्यांत फ्रेंच, स्पॅनिश, इंग्रज, हंगेरियन, पोलिश, जर्मन असे पुष्कळ. प्रत्येक गट आपले सल्लागार निवडी आणि हे सल्लागार रेक्टरबरोबर बसून कारभार पाहत. रेक्टर हा संघाचा प्रमुख. तो वयाने निदान चोविशीचा, अविवाहित, धर्मदीक्षित आणि काही वर्षे कायदा शिकलेला असावा असा नियम होता. त्याची निवड अप्रत्यक्ष व गुप्त मतदानाने होई. सर्वसाधारण सभेत मतासाठी पांढरे व काळे दाणे वापरीत. रेक्टरला नोकरचाकर बाळगून, पोशाख सांभाळून, मानाने राहावे लागे आणि हा भार बहुतांशी त्याच्या खिशावर पडे. पुढे हे पद घ्यायला माणूस मिळेना, त्याचे एक कारण हेच. वैद्यक व कला विषयांच्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या रेक्टरसाठी कायदेवाल्यांशी भांडावे लागले आणि चौदाव्या शतकाच्या आरंभी त्यांना तो मिळाला. (महाराष्ट्रातील वसतिगृहांच्या व्यवस्थापकाला आपण आजही ‘रेक्टर’ म्हणतो. विद्यार्थ्यांनी निवडायचा माणूस आणि विद्यार्थ्यांवर नेमलेला माणूस असे दोन टोकांचे अर्थ या एका शब्दाने वाहिले आहेत.)

अध्यापकांविषयीचे नियम हा या संहितेचा सर्वांत प्रसिद्ध भाग आहे. अध्यापकाला रेक्टरच्या आज्ञेत राहण्याची शपथ घ्यावी लागे. परवानगीवाचून त्याला एक दिवसही गैरहजर राहता येत नसे, आणि नगराबाहेर जायचे तर परत येण्याची हमी म्हणून अनामत ठेवावी लागे. घंटेबरोबर व्याख्यान सुरू करायचे आणि संपण्याची घंटा झाली की थांबायचे. पाठ्यग्रंथातील प्रकरण गाळायचे नाही, अवघड भाग ‘तासाच्या शेवटी पाहू’ म्हणून ढकलायचा नाही. ग्रंथाचे ‘पुंक्ता’ नावाचे टप्पे पाडलेले असत आणि अमुक टप्पा अमुक दिवसापर्यंत गाठला नाही तर वर्षारंभी पेढीवर ठेवून घेतलेल्या रकमेतून दंड कापला जाई. मुख्य व्याख्यानाला पाच श्रोतेही जमले नाहीत, तर अध्यापक त्या दिवशी गैरहजर होता असे धरीत. हे सारे घडते की नाही यावर नजर ठेवण्यासाठी काही विद्यार्थी गुप्तपणे नेमले जात. त्यांना संहितेत ‘अध्यापकांची वर्दी देणारे’ अशा अर्थाचे नाव आहे.

ही कलमे वाचून विद्यार्थ्यांच्या जुलमाचे चित्र रंगवण्याचा मोह अनेकांना झाला आहे, पण तो आवरायला हवा. अभ्यासक्रम पुरा व्हावा, वेळ पाळली जावी, फी देणाऱ्याला शिकवणे मिळावे, एवढीच मागणी या नियमांमागे दिसते, आणि ती वाजवी होती. शिवाय एक मोठा अधिकार अध्यापकांकडेच राहिला, तो परीक्षा घेण्याचा. पोप तिसरा होनोरियस याने १२१९ मध्ये अध्यापनाचा परवाना बोलोन्याच्या आर्चडीकनच्या (बिशपच्या हाताखालील वरिष्ठ धर्माधिकाऱ्याच्या) संमतीने दिला जावा असे ठरवले आणि उमेदवार पारखण्याचे काम अध्यापकांच्या मंडळांनी कधीही सोडले नाही.

संघाच्या हातात दोन शस्त्रे होती. एक फीचे, कारण आरंभी अध्यापकाची कमाई विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून होई. ज्याच्यावर बहिष्कार पडे त्याचा वर्ग ओस पडे. दुसरे गाव सोडण्याचे. विद्यार्थी-संघाची स्वतःची इमारत नव्हती, व्याख्याने भाड्याच्या जागेत होत आणि सभा मठात भरत, त्यामुळे सामान बांधून निघणे सोपे होते. १२०४ मध्ये काही मंडळी विचेन्झाला गेली, १२१५ मध्ये आरेत्सोला, आणि १२२२ मधील स्थलांतरातून पादुआचे विद्यापीठ उभे राहिले. नगराची मिळकत विद्यार्थ्यांवर अवलंबून असल्याने नगराने अध्यापकांकडून अन्यत्र न शिकवण्याच्या शपथा घेतल्या आणि स्थलांतराचा कट करणाऱ्यांसाठी कडक शिक्षा ठरवल्या. या वादात पोपने विद्यार्थ्यांची बाजू घेतली. १३२१ मध्ये नगराने एका विद्यार्थ्याला देहदंड दिल्यावर विद्यार्थी मोठ्या संख्येने सिएनाला निघून गेले आणि त्यांना परत आणण्यासाठी नगराला तडजोड करावी लागली.

रोजच्या कारभारात घरभाडे आणि पुस्तके हे दोन विषय सर्वांत महत्त्वाचे होते. भाडे ठरवण्यासाठी संघाचे व नगराचे प्रतिनिधी एकत्र बसत, आणि ठरलेल्याहून अधिक मागणाऱ्या मालकाचे घर विद्यार्थ्यांसाठी वर्ज्य केले जाई. ग्रंथविक्रेत्यांनी तपासलेली मूळ प्रत ‘पेचिया’ म्हणजे सुट्या भागांत ठेवावी आणि ठरलेल्या भाड्याने नकलेसाठी द्यावी असा दंडक होता. या प्रती शुद्ध आहेत की नाही हे संघाने निवडलेले सहा जण पाहत. कायद्याच्या ग्रंथात एका शब्दाच्या चुकीने अर्थ फिरतो, हे या विद्यार्थ्यांना चांगले ठाऊक होते.

सत्तेचा ऱ्हास पगारातून झाला. तेराव्या शतकाच्या अखेरीस नगराने काही अध्यापकांना स्वतःच्या तिजोरीतून वेतन देण्यास सुरुवात केली. प्रथम निवड विद्यार्थी करीत आणि पैसे नगर देई. विद्यार्थ्यांना ही सोय वाटली असणार, पण जो पैसे देतो तो फार काळ निवडीपासून दूर राहत नाही. चौदाव्या शतकात नेमणुकांची सूत्रे हळूहळू ‘रिफॉर्मातोरी’ नावाच्या नगरमंडळाकडे गेली. सोळाव्या शतकाच्या आरंभी बोलोन्या पोपच्या थेट अमलाखाली आल्यावर संघाचे उरलेले स्वातंत्र्यही आकसले, आणि सतराव्या शतकात रेक्टरपद रिकामे राहून ‘प्रायर’ नावाचे गटप्रमुख तेवढे उरले.

आता दफ्तराकडे. संघाच्या आरंभीच्या झगड्याची माहिती मुख्यतः दुसऱ्यांच्या कागदांतून मिळते: नगराचे कायदे आणि पोपची पत्रे. १२५३ मध्ये पोप चौथा इनोसंट याने संघाच्या नियमांना मान्यता दिली, म्हणजे लेखी नियम तोवर निश्चित होते. तपशीलवार हाती येणारी संहिता मात्र १३१७ ची आहे. ती सिद्ध करण्यात जोव्हान्नी द’आंद्रेआ या धर्मकायद्याच्या पंडिताचा हात होता आणि तीत १३४७ पर्यंत भर पडत गेली. डोमिनिकन इतिहासकार हाइनरिक डेनिफ्ल याने प्रेसबुर्ग, म्हणजे आजचे ब्रातिस्लाव्हा, येथील हस्तलिखितावरून ती १८८७ मध्ये प्रसिद्ध केली. वर सांगितलेले बहुतेक नियम हिच्यात व १४३२ च्या सुधारित संहितेत आहेत, म्हणजे नगराचे पगार सुरू झाल्यानंतरचे आहेत. त्यांतले किती नियम प्रत्यक्षात पाळले गेले हे संहितेवरून कळत नाही. एकच मनाई पुन्हा पुन्हा लिहावी लागली असेल तर ती मोडली जात होती एवढे मात्र समजते.

त्या मानाने जर्मन नात्सिओची कागदपत्रे फार बोलकी आहेत. १२८९ ते १५६२ या काळातील तिच्या नोंदी १८८७ मध्ये बर्लिनला छापल्या गेल्या. त्यांत प्रवेश घेणाऱ्याचे नाव, गाव, त्याने दिलेली रक्कम, आणि गटाचा जमाखर्च आहे. प्रार्थना, मेणबत्त्या, सणाचे जेवण, दारू यांवरचा खर्चही हातचे न राखता लिहिलेला आहे. १४९६ च्या वर्षात तेथे तोरुनच्या निकोलसचे नाव येते आणि त्यापुढे नऊ ग्रोसेती (त्या काळची नाणी) भरल्याची नोंद आहे. हा कायद्याचा विद्यार्थी म्हणजे पुढे सूर्यकेंद्री सिद्धान्त मांडणारा कोपर्निकस. त्या ओळीत तो इतरांसारखाच वर्गणीदार आहे, आणि म्हणूनच ती ओळ मोलाची वाटते.

नगराच्या ‘मेमोरियाली’ या नोंदवह्या हा आणखी एक खजिना आहे. १२६५ पासून वीस लिरांवरचे करार सरकारी कचेरीत उतरवणे बंधनकारक झाले. त्यामुळे विद्यार्थ्यांनी काढलेली कर्जे, विकत घेतलेले ग्रंथ, केलेले भाडेकरार यांचा माग निघतो. मागाहून कोणी मजकूर घुसडू नये म्हणून नोटरींनी रिकाम्या जागी कविता उतरवून ठेवल्या, त्यामुळे आरंभीच्या इटालियन काव्याच्या अभ्यासकांनाही याच वह्या उघडाव्या लागतात.

बोलोन्याची रीत पुढे पादुआ, सालामान्का अशा अनेक ठिकाणी पोचली. १४५१ मध्ये ग्लासगो विद्यापीठाला पोपने बोलोन्याच्या नमुन्यावर अधिकार दिले, आणि तेथील विद्यार्थी आजही मतदानाने रेक्टर निवडतात.

या दफ्तरातील शेवटचा आणि डोळ्यांनी पाहता येणारा भाग भिंतींवर आहे. १५६३ मध्ये पोपच्या अधिकाऱ्यांनी सर्व शाखा एका छपराखाली आणण्यासाठी आर्किजिन्नासिओ ही इमारत पुरी केली. भाड्याच्या खोल्यांतून कधीही निघून जाऊ शकणारा संघ त्यामुळे एका जागी बांधला गेला. या इमारतीच्या ओवऱ्यांत, जिन्यांवर आणि छतांखाली गटांच्या निवडून आलेल्या विद्यार्थी-पदाधिकाऱ्यांची कुलचिन्हे रंगवण्याची प्रथा पडली. प्रत्येकाखाली नाव व गाव. सुमारे सहा हजार चिन्हे आज शिल्लक आहेत. १८०३ मध्ये विद्यापीठ तेथून हलले आणि १८३८ पासून तेथे नगराचे ग्रंथालय आहे. २९ जानेवारी १९४४ च्या बाँबहल्ल्यात इमारतीचा काही भाग कोसळला. युद्धानंतर तो पुन्हा उभारण्यात आला, आणि आजही वाचनालयाकडे जाणारा जिना चढताना पोलंड, जर्मनी, सिसिलीहून शिकायला आलेल्या मुलांची नावे दोन्ही बाजूंना वाचता येतात.