मेंदूच्या कोणत्या वाफ्याला किती रक्त?

सांगलीत विश्रामबागेत गेल्या महिन्यात एक पत्रक हाती पडले. ‘मध्यमेंदूचा रक्तप्रवाह वाढवून’ मुलांना डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या वर्गाची ती जाहिरात होती. नाकाजवळच्या फटीतून मुले खाली बघतात, हे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी दाखवलेले आहेच. मी अडलो तो ‘रक्तप्रवाह’ या शब्दापाशी, कारण मेंदूच्या एका कोपऱ्यातला प्रवाह मोजणे फार खटाटोपाचे काम आहे.

केटी आणि श्मिट या शास्त्रज्ञांनी १९४० च्या दशकात नायट्रस ऑक्साइड हा वायू वापरून माणसाच्या संपूर्ण मेंदूची सरासरी काढली. ती १०० ग्रॅमला मिनिटाला सुमारे ५० मिलिलिटर भरते. सरासरीवरून भागाभागांतला फरक मात्र कळत नाही.

हळदीच्या रानात पाटाच्या पाण्याला रंग लावून सगळे वाफे तुडुंब होईपर्यंत थांबलो, तर शेवटी रंग सगळीकडे सारखाच दिसेल. पाट लवकर बंद केला, तरच ज्या वाफ्यात पाणी जोराने शिरले तो गडद दिसेल. मेंदूच्या भागाभागांतला फरक मोजणाऱ्या उंदरांवरच्या प्रयोगात हा रंग म्हणजे किरणोत्सारी कार्बन-१४ जोडलेले आयोडोअँटिपायरिन हे रसायन. साध्या अँटिपायरिनला केशवाहिनीच्या भिंतीतून जायला वेळ लागतो, त्यामुळे जोराच्या प्रवाहाचे माप कमी भरते. आयोडीन जोडल्यावर ते मेदात अधिक विरघळते आणि झटकन पलीकडे जाते. हे द्रव्य मिनिटभराच्या आत शिरेतून सोडतात, त्याच वेळी धमनीतून रक्ताचे थेंब गोळा करत राहतात आणि लगेच प्राण्याचा अंत करून मेंदू गोठवतात. त्याचे सुमारे २० मायक्रॉन जाडीचे काप क्ष-किरण फिल्मवर कित्येक दिवस ठेवतात. कार्बन-१४ चे अर्धायुष्य ५,७३० वर्षे असल्याने तेवढ्यात काही बिघडत नाही. फिल्मच्या काळेपणावरून ऊतीतली त्या द्रव्याची संहती, म्हणजे प्रमाण, कळते. प्रवाह काढण्यासाठी मात्र धमनीतल्या संहतीचा क्षणाक्षणाचा आलेख आणि ऊती व रक्त यांच्यातला वाटप-गुणांक (समतोल झाल्यावर ऊतीतली संहती रक्ताच्या किती पट असते तो आकडा), जो इथे सुमारे ०.८ आहे, ही दोन्ही समीकरणात घालावी लागतात.

गुंगीच्या औषधाने प्रवाह बदलतो, म्हणून उंदराला शुद्धीवर येऊ देऊन, मागच्या पायांना प्लास्टर घालून हे मापन करतात. त्यात सर्वाधिक प्रवाह आढळतो तो श्रवणाशी संबंधित अशा एका छोट्या उंचवट्यात, आणि गंमत म्हणजे तो मध्यमेंदूतच असतो. श्वेतद्रव्यात, म्हणजे मेंदूतल्या चेतातंतूंच्या जुडग्यांत, प्रवाह त्याच्या कित्येक पटींनी कमी भरतो. एका उंदरापासून एकच मापन मिळते, त्यामुळे त्याच मेंदूची ‘आधी आणि नंतर’ अशी तुलना या पद्धतीने होत नाही. माणसात ती किरणोत्सारी ऑक्सिजन-१५ असलेले पाणी टोचून, शरीरातल्या किरणोत्साराचे चित्र काढणाऱ्या पेट स्कॅनने करता येते. त्या पत्रकात मात्र वर्गाची फी सोडली तर एकही आकडा नव्हता.