लाल फुलीचा नकाशा आला कुठून?

'समुद्री चाचे लूट निर्जन बेटावर पुरायचे आणि नकाशावर लाल फुली मारून ठेवायचे.' हा मजकूर अधूनमधून फिरत येतोच. खरा वाटणं साहजिक आहे. पुस्तकांत आणि पडद्यावर आपला आवडता चाचा पिढ्यान्‌पिढ्या हेच तर करत आलाय.

आधी लुटीत काय असायचं ते बघू. कॅरिबियनमधल्या व्यापारी जहाजांवर साखर, कोको, कापड, दोरखंड असला माल. साखरेचं पोतं वाळूत पुरून उरणार काय? १७१८ मध्ये चार्ल्सटन बंदराची नाकेबंदी करणाऱ्या चाच्यांनी तर खंडणीत चक्क औषधांची पेटी मागितली होती.

दुसरी गोष्ट वाटणीची. १७२४ मध्ये लंडनला छापलेल्या चाच्यांच्या चरित्रसंग्रहात जहाजावरचे करार दिलेत. त्यातल्या एका करारात कप्तानाला दोन वाटे आहेत आणि हात-पाय गमावणाऱ्याला भरपाईही. आपला वाटा खलाशी कप्तानाला पुरू देतील होय?

अपवाद आहे. १६९९ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या गार्डिनर्स बेटावर एका कप्तानाने खरोखर माल पुरला. पण तो सरकारने त्याच वर्षी उकरून नेला.

मग फुली? ती 'ट्रेझर आयलंड' या १८८३ च्या कादंबरीने घराघरांत नेली. तिच्यातल्या नकाशावर लाल शाईच्या तीन फुल्या आहेत. ही कादंबरी आणि १७२४ चा तो चरित्रसंग्रह, दोन्ही जुनी पुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. कादंबरीचं सहावं प्रकरण उघडा, तिथेच तो नकाशा उलगडतो.